फिनाले बंद झालं, आता नोटेशनसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे वसईतल्या एका चर्चच्या क्वायरचं नोटेशन गेली वीसेक वर्षं फिनाले या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर लिहीत आले आहेत. साडेतीनशेच्या आसपास मराठी गीतं, बहुतेक चार आवाजांची (सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस), काहींना ऑर्गनची आणि दोन व्हायोलिनांची साथ. फिनाले बंद झाल्यापासून त्यांना धास्ती बसली आहे. कुणी डोरिको घ्या म्हणतं, कुणी सिबेलियस, आणि क्वायरमधली कॉलेजातली मुलं म्युझस्कोअर फुकट मिळतं म्हणून तेच लावून धरतात. पैसे कशात घालावेत, आणि सगळी गीतं पुन्हा लिहावी लागणार का, हे त्यांना विचारायचं आहे. शेवटी सरगमबद्दलही ओझरतं विचारलं आहे.

तुमच्यासाठी म्युझस्कोअर. आणि नाही, सगळी गीतं पुन्हा लिहावी लागणार नाहीत. पण शब्दांवर मेहनत पडेल, तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त. हे उत्तर मी चार ओळींत संपवू शकले असते, पण "का" हे कळलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरं कुणी वेगळं सांगेल आणि तुम्ही पुन्हा घोटाळ्यात पडाल. म्हणून सविस्तर लिहिते.

मी सव्वीस वर्षं मुंबईत नोटेशन लिहिण्याचं काम करते. सुरुवात हातानं, काळ्या शाईनं, व्हायोलिनचे पार्ट, म्हणजे त्या एका वाद्यापुरतं नोटेशन, उतरवण्यापासून झाली. नंतर कॉम्प्युटर आला. फिनाले, सिबेलियस, डोरिको आणि म्युझस्कोअर ही चारही माझ्या पोटापाण्याच्या कामात वापरून झाली आहेत. आज मोठ्या वाद्यवृंदाचं काम मी डोरिकोवर करते, आणि शाळा, क्वायर, शिकवण्या यांचं सगळं म्युझस्कोअरवर. म्हणजे महागाचं घरात असूनही तुम्हाला फुकटचं सांगते आहे, ते तुमचे पैसे वाचावेत एवढ्याचसाठी नाही.

आधी धास्तीचं बघू. मेकम्युझिक कंपनीनं २६ ऑगस्ट २०२४ ला फिनालेचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. १९८८ पासून चालत आलेला प्रोग्रॅम एका दिवसात विक्रीतून गेला. पहिल्या घोषणेत असंही होतं, की वर्षभरानंतर नव्या कॉम्प्युटरवर लायसन्स पुन्हा चालू करून मिळणार नाही. जगभरातून ओरड झाल्यावर ते त्यांनी लगेच मागे घेतलं. तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरवरचं फिनाले उद्या सकाळी उघडणार नाही, असं काही नाही. मात्र ते आता जिथे आहे तिथेच थांबलं आहे. पुढच्या विंडोजवर ते चालेल याची हमी कुणी घेणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा कॉम्प्युटर त्याच्यावरच असेल तर तो बदलायची वेळ तशीही आली आहे. नवा घ्या, पण जुना भंगारात देऊ नका. सगळी गीतं बाहेर निघून तपासून होईपर्यंत फिनाले असलेला तो जुना कॉम्प्युटर जपून ठेवा. इंटरनेट काढून टाकलं तरी चालेल.

हे मी इतक्या निक्षून सांगते कारण माझं स्वतःचं गेलेलं आहे. मी कॉम्प्युटरवर लिहायला लागले तेव्हाची पहिली पाच वर्षं एका जुन्या प्रोग्रॅमवर काढली. तो बंद पडला, कॉम्प्युटर बदलला, आणि फाइली सीडीवर सुरक्षित आहेत या समजात मी राहिले. फाइली खरंच सुरक्षित आहेत, आजही दिसतात. त्या उघडणारं काही राहिलेलं नाही. त्या पाच वर्षांपैकी माझ्याकडे आज जे वाजवता येण्यासारखं आहे ते एका व्हायोलिनवादक काकांनी पिशवीत जपलेल्या झेरॉक्स प्रतींमुळे. तसेच हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी हातानं लिहिलेले पार्ट होते. त्यातला एखादा कागद आज कुणाच्या ट्रंकेत सापडला, तर वाचता येणारा माणूस तो लगेच वाजवू शकतो. कागदाला लायसन्स लागत नाही.

म्हणून कुणी मला सॉफ्टवेअरबद्दल विचारलं की मी त्यातल्या सोयी मोजत बसत नाही. मी विचारते: तुमच्यानंतर ही फाइल कोण उघडणार? आणि गाणाऱ्याच्या हातात काय जाणार?

तुमच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर तुम्हीच प्रश्नात दिलं आहे: कॉलेजातली मुलं. उद्या तुम्ही चार महिने मुलीकडे दुबईला गेलात, तर नाताळच्या आधी एखादं गीत सूर खाली उतरवून छापायचं काम त्यांच्यातल्याच कुणाला तरी करावं लागेल. त्याच्या लॅपटॉपवर म्युझस्कोअर आजच आहे. डोरिकोची पूर्ण आवृत्ती त्याच्याकडे असणार नाही, आणि फक्त एका गीतासाठी त्यानं ती घ्यावी अशी अपेक्षाही करता येत नाही. तुमच्या क्वायर मंडळाच्या चोवीस जणांपैकी कुणालाही घरी बसून फाइल उघडता येते, लय निम्मी करून ऐकता येते, आपला आवाज मोठा आणि बाकीचे बारीक करता येतात. क्वायरच्या दृष्टीनं याच्याएवढी मोठी सोय दुसरी नाही.

यातूनच एक काम लगेच सुरू करता येईल. मिक्सरमध्ये आल्टो पूर्ण वर, बाकी तीन आवाज निम्म्याहून खाली, आणि एमपी३ काढायची. तसंच सोप्रानोचं, टेनरचं आणि बेसचं. चार फाइली व्हॉट्सअॅपवर टाकल्या की ज्यांना स्टाफ, म्हणजे पाच रेषांवरचं नोटेशन, वाचता येत नाही तेही रविवारच्या सरावाला आपली ओळ कानात घेऊन येतात. आमच्या ओळखीच्या एका क्वायरमध्ये हे सुरू झाल्यावर सरावाचा पहिला अर्धा तास, जो फक्त सूर सांगण्यात जायचा, तो गाण्याला मिळायला लागला. म्युझस्कोअरच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, चांगल्या आवाजांचे संच फुकट मिळतात आणि त्यात क्वायरचा आवाजही आहे. ते डाउनलोड जड असतात, जुन्या लॅपटॉपला पेलत नाहीत. तिथे साधा आवाज ठेवा. सूर कळण्यापुरता तो पुरतो.

एक सावधगिरी. म्युझस्कोअर हा प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहे, त्याचा कोडही खुला आहे, आणि तो डॉट ऑर्ग या पत्त्यावरून घ्यायचा असतो. त्याच नावाची डॉट कॉमची जागा वेगळी. तिथे लोकांनी चढवलेली नोटेशनं असतात आणि ती उतरवून घेण्यासाठी वर्गणी असते. पुष्कळ पालक प्रोग्रॅम समजून तिथे कार्डाचा नंबर भरून बसतात. प्रोग्रॅम वापरायला त्या वर्गणीची काडीमात्र गरज नाही.

आता बोटांचं. हे कुणी सांगत नाही, पण रोज लिहिणाऱ्याला हेच सगळ्यात जास्त जाणवतं. फिनालेत क्रॉचेटसाठी (साधारण एका मात्रेची नोट) तुमचं बोट ५ वर जातं, क्वेव्हरसाठी (तिच्या निम्मी) ४ वर, मिनिमसाठी (तिच्या दुप्पट) ६ वर. म्युझस्कोअरमध्ये हे आकडे तसेच आहेत. सिबेलियसमध्ये क्रॉचेट ४ वर आहे आणि डोरिकोत ६ वर. वाचताना क्षुल्लक वाटेल. पण वीस वर्षांची सवय एका घरानं सरकली की पहिले दोन महिने प्रत्येक ओळीत मिनिमच्या जागी क्रॉचेट पडत राहतात. मी डोरिकोवर गेले तेव्हा रात्री अकराला तीच चूक विसाव्यांदा दुरुस्त करताना रडकुंडीला आले होते. फरक एवढाच राहील, की फिनालेच्या स्पीडी एन्ट्री या लिहिण्याच्या रीतीत तुम्ही आधी सूर आणि मग आकडा दाबत असाल, तर म्युझस्कोअरच्या नेहमीच्या रीतीत आधी आकडा, मग सूर. आठवड्याभरात बोटं वळतात.

आता खऱ्या जागेवर येते: मराठी शब्द. परदेशी लेखांमध्ये या सगळ्या प्रोग्रॅमांच्या तुलना भरपूर मिळतील, पण त्यांत तुमच्या कामाचा हा निम्मा भाग नसतो.

कुठलंही नोटेशन सॉफ्टवेअर शब्द अक्षरागणिक तोडून मागतं. स्पेस दाबली की पुढच्या नोटवर, शब्दाच्या मध्ये तोडायचं असेल तर हायफन, एकच अक्षर अनेक नोटांवर ओढायचं असेल तर अंडरस्कोअर. इंग्रजीसाठी केलेली ही रीत मराठीला जवळजवळ लागू पडते, आणि त्या "जवळजवळ"मध्येच सगळी गंमत आहे. "प्रार्थना" घ्या. गळ्यातून येतं "प्रार् – थ – ना". पहिल्या नोटच्या शेवटी जीभ र् ला लागते. पण लिहिताना तो रफार पुढच्या थ वर बसलेला असतो. मग तोडायचं कसं? "प्रार्-थ-ना" असं लिहिलं तर उच्चार बरोबर, पण डोळ्याला ते पाय मोडलेलं र् खटकतं आणि पहिल्या वाचनाला गाणारा अडखळतो. मी कायम "प्रा-र्थ-ना" असंच तोडते. मराठी वाचणारा डोळा रफार बघताच जीभ आधी वळवतो; त्याला शिकवावं लागत नाही. "ख्रिस्त"चंही तेच: "ख्रि-स्त". जोडाक्षर कधीही मधून तोडू नका, हा एक नियम पाळला तरी नव्वद टक्के अडचणी उरत नाहीत.

दुसरी जागा शब्दाच्या शेवटच्या अकाराची. "आनंद" हा शब्द दोन नोटांवर असेल तर "आ-नंद", तीन नोटांवर असेल तर "आ-नं-द", आणि या दुसऱ्या वेळी तो द पूर्ण उच्चारायचा आहे हे नोटेशनच सांगतं. एकाच गीतात, एकाच शब्दाची, दोन कडव्यांत दोन वेगळी तोड होऊ शकते. हे ठरवणारं सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही. हे तुमच्याच कानानं ठरवायचं, आणि म्हणूनच हे काम मुलांवर पूर्ण सोपवू नका.

मग अक्षरांची उंची. इंग्रजी शब्दांच्या वरखाली जेवढी जागा लागते तेवढी धरून प्रोग्रॅमांनी ओळींमधलं अंतर ठरवलेलं असतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. "सृष्टी" हा एकच शब्द वरून आल्टोच्या खालच्या नोटांना टेकतो आणि खालून टेनरच्या वरच्या नोटांना. म्युझस्कोअरमध्ये शब्दांचा आकार मुळात दहा पॉइंटांचा असतो. देवनागरीसाठी मी तो साडेबारावर नेते आणि शब्द व स्टाफ यांच्यातलं किमान अंतर दीडपट करते. हे एकदा स्टाइलमध्ये करून ती स्टाइल वेगळी जपून ठेवायची. मग प्रत्येक नव्या गीताला तीच लावायची. ज्येष्ठ गायकांसाठी स्टाफही थोडा मोठा करा. एक पान वाढतं, पण चष्मा कपाळावर चढवून गाणाऱ्या मावशी तुम्हाला दुवा देतील.

फॉन्ट निवडताना ल आणि श कडे बघा. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. ब्राउझरमध्ये भाषा मराठी आहे असं सांगून योग्य वळण मिळवता येतं, पण नोटेशन प्रोग्रॅमांमध्ये शब्दांची भाषा सांगायची तशी सोय सहसा हाताशी नसते; तेव्हा ज्या फॉन्टची मूळ अक्षरंच मराठी वळणाची आहेत तो घ्यावा. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट त्याच हेतूनं केलेला आहे, मी तोच वापरते. कुठलाही फॉन्ट घेतलात तरी "साऱ्या सृष्टीचा ख्रिस्त" एवढी ओळ लिहून, पीडीएफ काढून, छापून बघा. "साऱ्या"मधला तो अर्धा ऱ नीट आला, ऋकार कापला गेला नाही, आणि जोडाक्षरं सुटी पडली नाहीत, तर बाकी सगळं येतं. पडद्यावर बघून समाधान मानू नका.

आता जुन्या फाइलींचं. २००३-०४ च्या सुमाराची तुमची गीतं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असणं शक्य नाही, कारण फिनालेतच युनिकोड २०१२ च्या आवृत्तीपासून आलं. त्या काळी आपण सगळेच शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप करायचो. त्या फॉन्टांमध्ये कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरंच दिसत असतात. वरून मराठीचा पोशाख चढवलेला असतो. गीत दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेलं की पोशाख उतरतो, आणि सोप्रानोच्या खाली नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं पसरलेली दिसतात. तुम्हालाही हे दिसेल. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते.

क्रम असा ठेवा. फिनालेत अख्खं फोल्डर एका दमात म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलण्याची सोय आहे. आधी ती वापरून साडेतीनशेच्या साडेतीनशे फाइली बाहेर काढा. म्युझिकएक्सएमएल म्हणजे मायकल गुड यांनी घडवलेला, सगळ्या प्रोग्रॅमांना समजणारा नोटेशनचा लिखित नमुना. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली आणि आज तो कुठल्या एका विक्रेत्याच्या हातात नाही, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेच्या छत्राखालचा एक गट तो सांभाळतो. त्याच बैठकीत प्रत्येक गीताची पीडीएफही काढा. म्युझिकएक्सएमएल हे दुरुस्त करण्यासाठी, आणि पीडीएफ हे मूळ पान कसं दिसत होतं ते डोळ्यासमोर असावं म्हणून. दोन्ही एका पेनड्राइव्हवर आणि आणखी कुठेतरी ठेवा.

त्यानंतर म्युझस्कोअरमध्ये एकेक गीत उघडा. सूर, लय, टाय, बहुतेक स्लर (या दोन्ही नोटा जोडणाऱ्या कमानी) आणि शब्दांच्या जागा नीट येतात. पानाची मांडणी येत नाही. कुठे ओळ तोडली होती, कुठे अंतर वाढवलं होतं, ते पुन्हा करावं लागतं. "हळू", "मोठ्यानं" अशा हातानं लिहिलेल्या सूचना कधीकधी भलत्याच मात्रेवर जाऊन बसतात. त्या पीडीएफशी ताडून बघा.

जुन्या फॉन्टातल्या शब्दांसाठी म्युझिकएक्सएमएलची अख्खी फाइल युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढण्याचा मोह होईल. करू नका. कन्व्हर्टरला फाइलीच्या रचनेसाठी असलेल्या खुणांमधली इंग्रजी आणि गीतातलं जुनं मराठी यांत फरक कळत नाही. तो खुणांचंही मराठी करून टाकतो आणि फाइल उघडेनाशी होते. त्याऐवजी म्युझस्कोअरमध्ये शब्द क्लिपबोर्डवर काढण्याची आज्ञा आहे, ती वापरा. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, वाचून दुरुस्त करा, आणि तिथेच हायफनही तपासा. ह्रस्व वेलांटी आणि रफार या दोन जागी कन्व्हर्टर हमखास चुकतो, कारण जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. मग जुने शब्द पुसून, पहिल्या नोटवर उभं राहून पेस्ट दाबत जायचं. प्रत्येक दाबाला एक तुकडा बसतो आणि कर्सर पुढच्या नोटवर सरकतो. चारही आवाजांची लय सारखी असेल तर एका आवाजाचे शब्द निवडून दुसऱ्यावर चिकटवता येतात. दोन कडव्यांच्या गीताला मला पाऊण तास लागतो. साडेतीनशे गीतांचा हिशेब केलात तर छाती दडपेल; पण खरंच गायली जाणारी गीतं किती आहेत ते मोजा. नाताळ, चालीसा (ईस्टरआधीचा उपवासकाळ), पास्काचा सण (ईस्टर), लग्नं, मयत आणि रोजच्या मिस्सा धरून ती बहुधा शंभराच्या आत असतील. तेवढीच आधी. बाकीच्यांची म्युझिकएक्सएमएल आणि पीडीएफ निघालेली आहे, ती कुठे पळून जात नाहीत.

मग डोरिको कशासाठी? त्याचं मोठेपण मला मान्य आहे. सिबेलियस बांधणारी लंडनमधली टीम २०१२ मध्ये एव्हिडनं ते ऑफिस बंद केल्यावर स्टाइनबर्गकडे गेली आणि त्यांनी कोऱ्या पाटीवर नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. जुन्या प्रोग्रॅममध्ये काय चुकलं हे माहीत असलेल्या माणसांनी लिहिल्याची खूण त्यात जागोजागी दिसते. मध्येच एक मात्रा घुसवली तर पुढचं सगळं बारांच्या (मात्रांच्या गटांच्या) रेषा ओलांडून आपोआप सरकतं. तालाविना म्हणायच्या स्तोत्राला खोटा ताल द्यावा लागत नाही, हवं तेव्हा हवी तेवढी लांब ओळ लिहिता येते. म्युझस्कोअरमध्ये त्यासाठी प्रत्येक बारची लांबी हातानं बदलावी लागते. कंडक्टरच्या स्कोअरमध्ये (सगळी वाद्यं एकत्र असलेल्या प्रतीत) दोन बासऱ्या एका स्टाफवर आणि वादकांच्या पार्टमध्ये वेगळ्या, हे त्याची पूर्ण आवृत्ती स्वतः करते. साठ वादकांच्या कामात त्यानं माझे दिवसच्या दिवस वाचतात. आणि एक गोष्ट तुमच्याही कामाची आहे: एकाच फाइलमध्ये अनेक गीतं स्वतंत्र ठेवून, सलग पानांचं पुस्तक त्यातूनच काढता येतं. साडेतीनशे गीतांचं छापील पुस्तक काढायचं मंडळानं ठरवलं, तर डोरिकोचा खर्च विचारात घ्या. तेव्हाही लिहिणं म्युझस्कोअरमध्येच होऊ द्या, आणि पुस्तक बांधणारा एकच माणूस डोरिकोवर बसू द्या. डोरिकोची मोफत आवृत्तीही आहे. तिच्यात आठ वादक-गायक मावतात, आणि तुमचे चार आवाज, ऑर्गन आणि दोन व्हायोलिनं धरून सातच होतात. चव घ्यायला ती पुरेशी आहे, पण पान हवं तसं घडवण्याची हत्यारं पूर्ण आवृत्तीतच आहेत.

सिबेलियस मी तुम्हाला सुचवणार नाही. प्रोग्रॅम उत्तम आहे, आणि मुंबईत रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेकांचे हात त्यावरच बसलेले आहेत. त्यांच्यासोबत फाइलींची रोज देवाणघेवाण करणाऱ्यानं तेच घ्यावं. तुमची तशी देवाणघेवाण नाही. त्याच्या मोफत आवृत्तीत चारच वाद्यं मावतात: चार आवाज लिहिले की ऑर्गनला जागा नाही. पुढच्या पायऱ्यांना पैसे पडतात, आणि वर्गणी थांबवली की लिहिणंही अडतं. क्वायरच्या पेटीतून दरवर्षी पैसे काढायला लावणारी कुठलीही व्यवस्था मी तुमच्या गळ्यात मारणार नाही.

लिलीपॉन्डचं नाव कुणी घेतलं तर: ते मोफत आहे, पान अतिशय देखणं काढतं, पण त्यात नोटेशन चित्रासारखं दिसत नाही, मजकूर म्हणून टाइप करायचं असतं. क्वायरमध्ये कुणी प्रोग्रॅमिंग करणारं असेल तर त्याला आवडेल. बाकीच्यांना तुम्ही ते देऊ शकणार नाही.

सरगमबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं आहे, पण ते महत्त्वाचं आहे. निम्म्या गायकांना स्टाफ वाचता येत नाही आणि त्यांना शब्दांखाली सा रे ग हवं असतं. म्युझस्कोअरमध्ये सरगम ही शब्दांची आणखी एक ओळ म्हणून, जणू दुसरं कडवं आहे अशी, लिहिता येते. वेगळ्या रंगात आणि लहान आकारात ठेवली की शब्दांशी गल्लत होत नाही. नोटांची नावं आपोआप लिहिणारं प्लगइनही आहे आणि त्याचा कोड खुला आहे. तुमच्यातल्या एखाद्या मुलानं त्यात सा कुठला धरायचा ते सांगण्याची सोय करून इंग्रजी नावांच्या जागी सरगम बसवली, तर हे काम एका क्लिकवर येतं. कोमलची खालची रेघ आणि मंद्राचा खालचा टिंब दोन्ही एकाच अक्षराला द्यायची वेळ आली की बहुतेक फॉन्ट गोंधळतात, तेवढं लक्षात ठेवा. मी क्वायरसाठी सप्तकाचे टिंब गाळते. स्टाफवरची नोट वर गेली की खाली गेली ते त्यांना दिसतंच.

आणि ज्यांना बंदिशी भातखंडे पद्धतीनं लिहायच्या आहेत, त्यांना यातलं काहीच लागत नाही. तीनतालाचे सोळा रकाने, विभागांच्या रेषा, खाली समेची फुली, दोन, शून्य, तीन: हे मुळात कोष्टक आहे, आणि कोष्टक करणारा कुठलाही साधा प्रोग्रॅम ते जास्त नीट करतो. स्टाफच्या पाच रेषा लपवून त्यात बंदीश बसवण्याच्या खटपटीत मी एक अख्खा मे महिना घालवला आहे.

या रविवारी एवढं करा. मंडळाचं सगळ्यात अवघड गीत काढा. ज्यात आवाज वेगवेगळ्या लयीत जातात, एखादा तालाविना भाग आहे, शब्द जोडाक्षरांनी भरलेले आहेत. ते एकच गीत फिनालेतून बाहेर काढा, म्युझस्कोअरमध्ये आणा, शब्द बसवा, छापा, आणि सरावाला काहीही न सांगता वाटा. कुणी कुठे अडखळतं ते पेन्सिलीनं तुमच्या प्रतीवर नोंदवत जा. ती प्रत मला पाठवलीत तर अंतरं आणि फॉन्ट यांचं काय करायचं ते मी बघून सांगेन.